सुभेदार आणि अर्धी बातमी

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, त्याच्याबद्दल मला फारसं माहीत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या टेबलासमोर माझं टेबल होतं आणि उमेदीची सगळी वर्षं मी तिथं काढली. पण त्यांना बहीण होती का, लग्न त्यांच्या पसंतीनं झालं की घरच्यांच्या, त्यांना झोप लागत असे का, यातलं काही मी सांगू शकणार नाही. मी कधी विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही. त्यांची शिंक मात्र मी कुठूनही ओळखली असती. चहात साखर किती लागते ते ठाऊक होतं. आणि दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या काही सेनापतींबद्दल त्यांचं मत काय, ते ठाऊक होतं. एवढ्याशा शिदोरीवर माणसाचं चित्र काढायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण त्या कारखान्यातले बाकीचे लोक पांगले, आणि जे उरलेत त्यांना लिहायची माझ्याहूनही कमी सवय आहे.

बर्फाचे कारखाने दोन होते. पहिला शहराच्या मध्यावर, वडिलांनी काढलेला. तो थोरले भाऊ चालवत. दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मासळीच्या धक्क्याजवळ. तिथं धाकट्याला बसवलं होतं. धाकटे कॉलेजात इतिहास शिकत होते. वडील गेल्यावर थोरल्यांनी निरोप धाडला, ‘पुस्तकं मिटा आणि धक्क्यावर या.’ त्यांनी पुस्तकं मिटली खरी, पण येताना बरोबर घेऊन आले. अमोनियाच्या वासात आणि ओलसर भिंतींच्या सहवासात ती पुस्तकं पुढं फुगून दुप्पट जाड झाली.

‘सुभेदार’ हे नाव मुख्य कारखान्याच्या कॅशियरनं पाडलं. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. “काय, सुभेदार आले का कचेरीत?” त्यात टोमणा होता. लांबच्या प्रांताचा अधिकारी, दरबारात कधी दिसत नाही, आपल्याच तोऱ्यात असतो, असा. धाकट्यांनी तो टोमणा कौतुकासारखा अंगाला लावून घेतला. मग आम्हीही मागं तेच म्हणू लागलो आणि हळूहळू तोंडावरही.

कारखाना मोठा नव्हता. लाकडी फळ्यांखाली खाऱ्या पाण्याचं टाकं, त्यात ओळीनं बुडवलेले पत्र्याचे उभे डबे, डब्यांत गोडं पाणी. एका बाजूला मशीन दिवसरात्र ठकठक करायचं. बर्फ धरला की डबे वर उचलायचे, साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचे, आडवे करायचे, की लादी सुळकन बाहेर. डबे उचलणाऱ्या यारीवर जो माणूस होता त्याला आम्ही ‘उचल्या’ म्हणायचो. “माझ्या आईसमोर म्हणू नका,” तो सांगायचा, “तिला वाटेल पोरगं चोऱ्या करतंय.” मशीनवर मिस्त्री. दारावर माल सोडायला मी. आणि काचेच्या खोलीत, माझ्या टेबलासमोर, सुभेदार.

दुपारी जेवणानंतर होड्यांची गर्दी ओसरली की मिस्त्री हात पुसत काचेच्या खोलीत डोकवायचा. “आज कुणाची जोडी, साहेब?”

जोडी म्हणजे सेनापतींची. सुभेदारांचा हा एकच शौक. जुन्या काळी राजानं ज्यांना लांबचा प्रांत सांभाळायला दिला आणि ज्यांनी तिथं बसून राजावरच तलवार उपसली, असे सरदार ते दोन-दोन करून शेजारी उभे करायचे आणि आमच्यासमोर तोलायचे. त्यांची मापं ठरलेली होती. राजधानी किती दिवसांच्या वाटेवर? सैन्याला पगार कोणाच्या हातून मिळतो? राजा कधी स्वतः भेटायला येतो का? आणि शेवटचं, त्यांच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: बंडाच्या दिवशी माणसानं पहिलं काम काय केलं?

“पहिल्या कामावरून माणूस कळतो,” ते म्हणायचे. “दुसऱ्या कामापर्यंत त्याला सल्लागार मिळालेले असतात.”

त्यांची आवडती जोडी अकायस आणि कॅसियसची. नावांचे उच्चार मी त्यांच्या तोंडून ऐकले तसे लिहितोय, चुकले असतील. अकायस हा ग्रीक वंशाच्या एका राजाच्या नात्यातलाच. आधीचा राजा मारला गेला तेव्हा सैन्य याला म्हणालं, मुकुट तूच घाल. यानं नाही म्हटलं. मुकुट खऱ्या वारसाकडे जाऊ दिला आणि त्याच्या वतीनं गेलेला मुलूख परत जिंकला. आणि मग, काही वर्षांनी, त्याच मुलखात बसून स्वतःच राजा झाला. पुढं स्वतःचंच सैन्य वाटेत अडून बसलं, की आम्ही राजावर चालून जाणार नाही. शेवटी गडात कोंडला गेला आणि दग्यानं पकडून, राजासमोर नेऊन मारला गेला.

कॅसियस रोमचा. पूर्वेकडचे प्रांत त्याच्या हाती. बादशहा दूर उत्तरेला लढत होता, प्रकृती तोळामासा. एक दिवस बातमी आली, बादशहा मेला. कॅसियसनं लगेच स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केलं. मग दुसरी बातमी आली, की तो जिवंत आहे.

“अरे बाप रे,” उचल्या म्हणाला होता. “मग काय केलं काशानं?”

“काशा नाही, कॅसियस.”

“तेच ते. आपला बर्फ नेतो का तो?”

“नेत नाही. मेला. तीन महिन्यांत त्याच्याच माणसांनी मारला. डोकं बादशहाकडे पाठवलं, तर बादशहानं बघायचंही नाकारलं. ‘पुरून टाका,’ म्हणाला. उलट हळहळला म्हणे, की मला त्याला माफ करायचं होतं, ती संधी गेली.”

सुभेदारांचा निकाल ठरलेला असे. अकायस दोषी, कारण त्यानं शांत डोक्यानं, सगळं माहीत असताना केलं. कॅसियसला सूट. “बातमी खोटी निघाली, त्याला तो काय करणार? जागा रिकामी आहे असं समजून बसला बिचारा. त्याच्या मनात राजाबद्दल वाईट नव्हतं.”

मिस्त्री म्हणायचा, “साहेब, दोघेही मेलेच ना? मग निकाल तर आधीच लागलाय.” आणि मशीनकडे जायचा.

आता थोरल्यांबद्दल. ते वर्षाकाठी एकदाच धक्क्यावर यायचे, गाडीतून न उतरता लादीचा एक तुकडा हातात घ्यायचे, उजेडासमोर धरून बघायचे आणि म्हणायचे, “ठीक.” तेवढ्या एका शब्दावर सुभेदार आठवडाभर खूश असायचे. थोरल्यांच्या मुलाला मात्र धक्क्यावरचा कारखाना डोळ्यांत खुपत होता. मशीन जुनं, जागा मोक्याची. विकून टाकावा असं त्याचं म्हणणं. तो वाईट पोरगा नव्हता, हिशेबी होता. पण थोरल्यांनी एकदा आम्हा सगळ्यांसमोर त्याला सांगितलं होतं, “मी आहे तोवर धक्क्यावरचं मशीन थांबणार नाही.” आम्हाला हायसं वाटलं. घरी आल्यावर मात्र बायको म्हणाली, “आणि नंतर?” ‘मी आहे तोवर’ या तीन शब्दांवर इतकी घरं चालली होती, आणि ते तीन शब्द सत्तरीच्या पुढं गेलेले होते.

मग थोरल्यांना छातीचं दुखणं आलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं. सुभेदार रोज दुपारी दोन बस बदलून तिकडं जायचे. परत आले की मी वर बघायचो. ते म्हणायचे, “आज उठून बसवलं.” किंवा नुसतेच बसायचे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे झालं त्यावरून कोणी म्हणेल की या माणसाला भावाची माया नव्हती. होती. मी पाहिली आहे. एकदा त्यांनी भावाची कवळी घरी आणून धुतली होती आणि रुमालात गुंडाळून परत नेली होती, कारण दवाखान्यातल्या बाया ती नीट धूत नाहीत म्हणे.

एका भेटीत पुतण्यानं त्यांना व्हरांड्यात गाठलं. “काका, जागा बघायला माणसं येतायत पुढच्या आठवड्यात. बाबांना सध्या काही बोलू नका.” सुभेदारांनी हे मला सांगितलं तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते, आणि पेन्सिल संपेपर्यंत टोक करत राहिले.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी फोन आला. कॅशियरचा.

इथं त्या कॅशियरच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. आयुष्यभर त्यानं फोनवर एकच काम केलं, कारखान्यातून काय सुटलं ते कळवायचं. “गाडी गेली.” “माल गेला.” “मिस्त्री गेला, पोचेल तासाभरात.” त्याच्या तोंडी सुटणं, निघणं, पोचवणं, सगळ्याला एकच शब्द होता. त्यात त्याचे पुढचे दात पडलेले, आणि आमच्या फोनची तार समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली.

सुभेदारांनी फोन उचलला. मी समोरच होतो. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण पुढं कॅशियरनंच शंभर वेळा रडून सांगितलं, तो काय म्हणाला होता ते. तो म्हणाला होता, “थोरले गेले. सकाळीच गेले. तुम्हाला घरी बोलावलंय.” गेले, म्हणजे दवाखान्यातून सुटून घरी गेले. आणि घरी पोचल्या पोचल्या त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल तर, धाकट्याला जेवायला बोलवा.

“कधी?” सुभेदारांनी विचारलं. “सकाळीच?” तेवढ्यात तार खरखरली आणि बंद झाली.

त्यांनी फोन ठेवला. डोळे मिटले. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, तसं ते मला कधीच सुचत नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “फाटकाची किल्ली कुणाकडे आहे?”

“मिस्त्रीकडे.”

“बोलवा त्याला. थोरले गेले.”

पुढचं सगळं फार भराभर झालं. फाटकाला आतून कुलूप लागलं. फोन काढून बाजूला ठेवला, म्हणजे पुतण्याचा निरोप यायला नको. मुख्य कारखान्याची गाडी आली होती, तिला रिकामी परत पाठवली. होड्यांचे मालक बोलावले गेले. “आजपासून बर्फ माझ्याकडून. मध्ये कुणी नाही,” असं सुभेदार त्यांना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. इतकी वर्षं तोंडपाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं चाललं होतं. आम्हाला एकत्र उभं करून म्हणाले, “हा कारखाना तुमच्या हातांनी उभा आहे. पोरगं कुलूप घेऊन यायच्या आत आपण आपलं कुलूप लावलंय. घाबरू नका.” आम्ही घाबरलो नाही. खरं तर आम्हाला बरंच वाटलं. आमची पोटं त्याच मशीनवर होती.

बायकोला त्यांनी उचल्याबरोबर निरोप पाठवला, की दादा गेले, तू पुढं हो, मी इथला बंदोबस्त करून येतो.

मग पेंटर आला. बोर्डावर वडिलांचं नाव होतं, खाली ‘बर्फ कारखाना’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘शाखा’. सुभेदारांनी वडिलांच्या नावाला हात लावू दिला नाही. म्हणाले, “फक्त ‘शाखा’ पूस.”

पेंटर शिडीवर चढला. त्यानं ‘शा’ पांढरा केला होता, ‘खा’ बाकी होता, तेवढ्यात फाटकाबाहेर वहिनींचा, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचा, आवाज आला. फाटक बडवत होत्या.

“अहो, उघडा! दादा जिवंत आहेत! बसलेत! बिस्किट खातायत!”

झालं होतं असं. वहिनी रडत ओरडत दिरांच्या घरात शिरल्या होत्या. समोर खुर्चीत थोरले बसलेले, हातात कप, कपात अर्धं बुडवलेलं बिस्किट. ते दचकून म्हणाले, “कोण गेलं गं?” आणि बिस्किट चहात पडलं. मग सगळा उलगडा झाला. वहिनी हसत होत्या, रडत होत्या, दिरांच्या पाया पडत होत्या. हसणं ओसरल्यावर थोरल्यांनी विचारलं, “आणि धाकटा? तो का नाही आला?”

वहिनी साध्या बाई. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “ते कारखान्याला कुलूप लावून येतायत.”

पुतण्या तिथंच उभा होता. रिकामी परत आलेली गाडीही तोवर दारात लागली होती.

फाटक उघडलं तेव्हा आम्ही सगळे हसत सुटलो होतो. उचल्यानं तर टोपी उडवली. मेलेला माणूस बिस्किट खातोय म्हटल्यावर हसू येणारच. सुभेदारही ओठांनी हसले. मग त्यांचं लक्ष वर शिडीकडे गेलं.

“पेंटर, थांब.”

“थांबू की उरलेलं पुसू?” पेंटरनं विचारलं. “मजुरी तीच आहे.”

‘खा’ तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत येणारे-जाणारे वाचायचे: बर्फ कारखाना, खा.

दुसऱ्या दिवशी थोरले स्वतः आले. डॉक्टरनं हलू नका म्हटलेलं. पुतण्या गाडीतच बसून राहिला. थोरल्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि एकेक पायरी थांबत काचेच्या खोलीत आले. सुभेदार उभे राहिले आणि उभेच राहिले.

“काय सुभेदार, मी मेल्यावर कारखाना कसा चालतो ते बघायला आलो.”

कुणीच हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच हसले. चहा मागवला. लादीचा तुकडा मागवला, उजेडासमोर धरला. “ठीक,” म्हणाले. मग खिडकीतून बोर्डाकडे बघितलं.

“एवढंच पुसलंस? मला पोरगं म्हणालं, सगळा बोर्ड रंगवला. मला वाटलं बाबांचं नावही काढलंस की काय.”

“नाही, दादा.”

“मग झालं तर. तो ‘खा’ पण पुसून टाक, बरं नाही दिसत. नकोच ते शाखा-बिखा. इतकी वर्षं तूच चालवतोस.” चहाचा घोट घेतला. “चूक त्या बोळक्याची आहे. दात बसवून घे म्हणून किती दिवस सांगतोय त्याला. पोरगं म्हणत होतं, काकांना काढा. मी म्हटलं, एकुलता एक भाऊ आहे, काढून आणू कुठून दुसरा?”

“दादा, मी...”

“सोड. रविवारी जेवायला ये. तेव्हाचं जेवण राहिलंय.”

एवढंच. एक वाकडा शब्द नाही. मी दाराशी उभा होतो, मला वाटलं, सुटलं सगळं. माझ्यापेक्षा मिस्त्रीला जास्त कळत असावं. गाडी गेल्यावर तो हळूच म्हणाला, “दोन शिव्या घालायला हव्या होत्या थोरल्यांनी. हा माणूस आता वाचत नाही.”

रविवारी सुभेदार गेले नाहीत. पुढच्याही रविवारी नाही. थोरल्यांचा फोन आला की मला म्हणायचे, “सांगा, टाक्यापाशी आहेत.” वहिनी दोन्ही घरांत निरोप नेऊन-आणून थकल्या. “चला हो, त्यांच्या मनात काही नाही,” त्या म्हणायच्या. ते म्हणायचे, “तेच तर.” दुपारच्या जोड्या बंद झाल्या. मिस्त्रीनं एकदोनदा डोकावून विचारलं, मग त्यानंही सोडून दिलं. ‘शाखा’ हा शब्द त्यांनी एक दिवस स्वतःच शिडी लावून परत लिहिला. अक्षर वाकडं आलं.

एकदा, असंच कामाच्या मध्ये, त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी पहिलं काय बोललो?”

मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

“किल्लीचं विचारलंत.”

“हं,” ते म्हणाले. “मला वाटलंच.” थोड्या वेळानं म्हणाले, “मी कॅसियसला फार सवलत दिली. बातमी खोटी निघाली म्हणून तो सुटत नाही. उलट खोटी निघाली म्हणूनच उघडा पडला. खरी असती तर कुणाला काही कळलंच नसतं, राजा मेला आणि सरदारानं राज्य सावरलं, असंच लिहिलं असतं लोकांनी. प्रश्न असा आहे, की राजा मेला हे ऐकल्यावर त्याचा हात आधी कुठं गेला? डोळ्यांकडे की मुकुटाकडे?”

“साहेब, तुम्हाला आम्हा सगळ्यांची काळजी होती.”

“त्यालाही सैन्याची असेल. सगळ्यांनाच असते.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “अकायसला निदान राजासमोर जाऊन मरावं लागलं. कॅसियसवर त्या शिपायांनी उपकार केले. त्याला माफी घ्यावी लागली नाही.”

दुसऱ्या हिवाळ्यात थोरले खरोखरच वारले. या वेळी कॅशियर फोन न करता रिक्षा करून स्वतः आला. नवे दात बसवले होते. काचेच्या खोलीत उभा राहून, एकेक शब्द सुटा करून, त्यानं सांगितलं, “साहेब, थोरले वारले. झोपेत. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

मग कॅशियर चाचरत म्हणाला, “त्यांची मुलगी लांबून यायचीय, उद्या पोचेल. तोवर... बर्फ पाठवायला सांगितलंय.”

सुभेदार उठले. खाली टाक्याकडे गेले. उचल्याला बाजूला करून त्यांनी स्वतः डबे निवडले. लाद्या बाहेर आल्या तशी एकेक उजेडाकडे उभी करून बघितली. आत पांढरा डाग असला की बाजूला. ज्या अगदी काचेसारख्या होत्या त्या ठेवल्या. नेहमी आम्ही लादीला भुसा लावतो. त्यांनी भुसा लावू दिला नाही, धुतलेल्या चादरीत गुंडाळल्या. गाडीत चढवल्या. मी दार धरून उभा होतो, मला वाटलं आता बसतील.

“जा आता,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “वितळेल.”

“साहेब, तुम्ही?”

“मी मागून येतो.”

ते गेले नाहीत. मुलगी पोचली, सगळं आवरलं, तरी गेले नाहीत. वहिनी एकट्याच तिथं होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी पोचायच्या आधी, मी धीर करून म्हटलं होतं, “अजून वेळ आहे, मी येतो बरोबर.” त्यांचे हात बर्फानं सोलवटले होते. ते म्हणाले, “त्याच्या मुलासमोर कुठल्या तोंडानं रडू? रडलो तर म्हणेल, या वेळी काका आधी रडले, किल्ली नंतर मागतील.”

मला वाटतं, पुतण्या असं काही म्हणाला नसता. पण मी ते बोललो नाही, आणि बोललो असतो तरी उपयोग झाला नसता.

कारखाना बंद व्हायला मग फार दिवस लागले नाहीत. पुतण्या आला, सगळ्यांचे पैसे चुकते केले, काकांशी आदरानं बोलला. सुभेदारांनी किल्ली खिशातून काढून आधीच टेबलावर ठेवलेली होती. “काका, दुसरीकडे बसायची सोय करतो, मुख्य कारखान्यात,” तो म्हणाला. ते म्हणाले, “नको. मला लांब बसायची सवय आहे.” मशीन बंद झालं तेव्हा मिस्त्रीसकट कुणालाच काही सुचेना. इतकी वर्षं त्या ठकठकीवरून ओरडून बोलायची सवय झालेली, आम्ही त्या शांततेतही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो.

फुगलेली पुस्तकं त्यांनी नेली नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “ठेवा ना तुम्ही. मला आता निकाल माहीत आहे.” माझ्याकडे ती बरेच दिवस होती. मी एकही वाचलं नाही. वाचून मला काय समजणार होतं?

त्यानंतर त्यांची भेट क्वचित व्हायची. ते दिवसभर घरात बसून असत, वहिनी सांगायच्या. जेवायला हाक मारली की येत, पानावरून उठायचं मात्र विसरत. कोणी भेटायला गेलं की बोलत नसत असं नाही, पण समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान डोलवत, जणू ते पुढचंही ऐकून झालंय. वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, काही नाही, वय आहे. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण माझंही तेच वय होतं.

ते वारल्याचं मला उशिरा कळलं. मुलाकडे गेलो होतो, आठवडाभरानं परत आल्यावर. मी वहिनींना भेटायला गेलो तेव्हा पुतण्या तिथं होता. काकांचं सगळं त्यानंच केलं होतं. वहिनी म्हणाल्या, “तुमच्याशी बोलले होते का ते शेवटचं काही?” मी आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

औषधाच्या दुकानासमोर आम्ही शेवटचे भेटलो होतो. त्यांच्या हातात रिकामी बाटली होती, माझ्या हातात पिशवी. दोघंही गिऱ्हाइकांच्या मागं उभे होतो. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे नळाला पाणी कसं येतंय सध्या?”

“गढूळ येतंय.”

“आमच्याकडेही. उकळून घ्या.”

“घेतो.”

“आधी तुरटी फिरवा. मग उकळा.”

“बरं,” मी म्हणालो.